गुळानं खाल्लेली केबिन

“आनंदा, हितं बोट घाल,” रंगरावमामा म्हणाले.

मी घातलं. बोट केबिनच्या पत्र्यातून आरपार गेलं आणि आत बसलेला मुंगळा कडकडून चावला. मी हात झटकत एका पायावर नाचायला लागलो, तर मामा खूष होऊन म्हणाले, “बगितलंस? अजून जीव हाय गाडीत.”

जीव होता, पण मुंगळ्यांचा. मामांची ती जुनी फार्गो पिकअप, पुढं गोल नाक, पाठीमागं उघडा हौदा, तळेवाडीत त्यांच्या गुऱ्हाळासमोर लिंबाखाली दोन-तीन वर्षं नुसती उभी होती. जन्मभर तिनं गूळ वाहिला. हौदा भरला की उरलेल्या ढेपा मामा केबिनमध्ये सीटमागं कोंबायचे. कोल्हापूरच्या गूळ मार्केटपर्यंत उन्हानं त्या पाझरायच्या, पाक पत्र्याच्या सांदीत उतरायचा आणि पावसाळ्यात तिथं ओल धरायची. केबिनची खालची वीतभर पट्टी, दारांखालचे उंबरे, पाठीमागचे दोन्ही कोपरे, सगळ्याची चाळण झाली होती. इंजिन मात्र ठणठणीत. मामा रोज सकाळी ते चालू करायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि बंद करायचे.

मी तेव्हा कोल्हापुरात उद्यमनगरात डेंटर होतो. म्हणजे गाड्यांचे पोचे काढायचे, गंजका पत्रा कापून नवा बसवायचा. वडील लवकर गेले. घरात आई आणि मी. रंगराव पोवार आईचे चुलतभाऊ. त्यांची मालन म्हणजे माझ्या मामाची पोरगी, आणि आमच्याकडं मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. आईनं हे मला दुधाबरोबर पाजलं होतं. मी मनावर घेतलं ते मालन मोठी झाल्यावर, आणि घेतलं ते असं घेतलं की दुसरं काही सुचेना. अडचण एकच. मामा हो म्हणत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते. आईनं विषय काढला की त्यांचं ठरलेलं, “आधी गाडी रस्त्याला लागू दे हौसाक्का.”

“गाडीचा आन् लग्नाचा काय संबंध रं?”

“माझ्या लेकीची वरात दुसऱ्याच्या गाडीतनं जाणार व्हय?”

त्या दिवशी मी चावलेलं बोट चोखत म्हणालो, “मामा, मी करतो की केबिन.”

मामा एकदम चपापले. “तू?”

“डेंटर हाय नव्हं मी?”

आई समोर उभी. गुऱ्हाळावरची चार माणसं ऐकतायत. मालन दाराआडून ऐकतेय, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं. मामांना पळवाट राहिली नाही. थोडा वेळ त्यांनी लिंबाकडं बघितलं आणि मग अट काढली.

“कर. पण लांबी लावायची न्हाई. ठिपकाभर जरी लांबी सापडली, तरी पुन्हा पोरगी मागायची न्हाई.”

आता लांबी म्हणजे काय ते सांगतो. खड्डे बुजवायचा लगदा. पत्र्यावर थापायचा, वाळला की घासायचा, वरून रंग मारला की खाली पत्रा आहे का पीठ, हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. डेंटरला लांबी लावू नको म्हणणं म्हणजे आचाऱ्याला मीठ घालू नको म्हणणं. माझे उस्ताद बाबालाल मिस्त्री यांनी तर अट ऐकून पेटती विडी खाली टाकली.

“आनंदा, बिनलांबीची जुनी गाडी आजवर कुणाच्या बापानं बगितली न्हाई. त्यापरास दुसरी पोरगी बघ.”

“न्हाई उस्ताद. हीच.”

“आरं, थोडी लावू. कोपऱ्यात. रंगरावला काय कळतंय?”

“चुंबक लावून बगणार हायत.”

उस्तादांनी खाली पडलेली विडी पायानं विझवली. “मग माणूस वंगाळ हाय,” एवढंच म्हणाले.

मामांनी खरंच देवळातल्या फुटक्या लाउडस्पीकरमधला चुंबक काढून आणला होता. चुंबक पत्र्याला चिकटतो, लांबीला चिकटत नाही. तो सुतळीनं गळ्यात अडकवून मामा गावभर फिरायचे आणि सराव म्हणून लोकांच्या ट्रंका, सायकली, पिठाचे डबे तपासायचे. एकदा फाट्यावर तो एस्टीला चिकटला आणि तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. सुतळी तुटेपर्यंत मामा एस्टीबरोबर पळाले. चुंबक पुढच्या गावाहून परत आणावा लागला.

काम गुऱ्हाळासमोरच करायचं, असा मामांचा हुकूम. मी गॅसच्या टाक्या बैलगाडीतून आणवल्या आणि भादव्यातलं ऊन अंगावर घेऊन बसलो. पहिल्यांदा दाराखालचा उंबरा कापायला घेतला. छिन्नी मारली तर आतून पांढरं ढेकूळ घरंगळलं.

“मामा, हे काय?”

“चुना-गूळ,” मामा छाती काढून म्हणाले. “भोकं पडत गेली तशी मीच बुजवली. गडकोट उभं हायत त्येच्यावर.”

“गडाला चाकं नसत्यात मामा! चुन्यानं ओल धरली, गुळानं मुंगळं आणलं, आन् मधल्या मधी पत्रा गेला. आन् ही बी लांबीच की!”

“ह्याला लांबी म्हणतोस? लांबी म्हंजे फसवणूक. ही दुरुस्ती.”

मी पुन्हा छिन्नी उचलली. कपाळ!

दुसऱ्या दिवशी मी ज्योत पेटवली आणि निराळाच घोळ झाला. सांदीत साठलेला वर्षानुवर्षांचा गूळ वितळून रटारटा उकळायला लागला. काकवीचा असा घमघमाट सुटला की अर्धं गाव गोळा झालं. हंगाम नसताना गुऱ्हाळ कसं काय लागलं म्हणून बायका वाट्या घेऊन आल्या. एका म्हातारीनं उंबऱ्यातून ओघळणाऱ्या पाकात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, “गोडीला बरा हाय. जरा लोखंडाची चव लागतीया.” तेवढ्यात बिऱ्हाड पेटलं म्हणून मुंगळे बाहेर पडले, आणि त्यांना जवळचा आसरा दिसला माझी पँट. मी टाकीचा कॉक बंद केला आणि थेट विहिरीत उडी मारली. वर आलो तर मालन काठावर पोट धरून हसत होती. चावे सगळे फिटले म्हणा.

पण काम मी जीव लावून केलं. मोडीतल्या एका ट्रकचा तेवढ्याच जाडीचा पत्रा आणला. पाठीमागून लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडी, ठोक, चाचप, पुन्हा ठोक. पाठीमागचे कोपरे गोल, त्यांना गोलाई देता देता खांदे भरून यायचे. चार वेळा ठोकलेला पत्रा चार वेळा फेकून दिला. उस्ताद एकदा बघायला आले, कोपऱ्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “एवढं माझ्या गॅरेजात कधी केलं न्हाईस, लबाडा.”

उरलं होतं एक डावं दार. त्याला हात लावायचाच नव्हता. ते मामांचं लाडकं. “सगळी गाडी गेली, पर डावं दार कंपनीतनं आलं तसं हाय. टाचणी लागलेली न्हाई,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे. मी आपला सवयीनं त्यावर बोटानं टिचकी मारली. उजवं दार टणटण बोलत होतं. हे धप् बोललं. पुन्हा मारली. धप्. आत अंगठ्याएवढा जाड थर! आणि घासणी अशी सफाईची की ती कुणाच्या हातची, हे मला विचारावं लागलं नाही.

“त्या दाराला हात लावू नगंस.” मालन चहा घेऊन पाठीमागं उभी होती.

“मालन, ह्यात लांबी हाय.”

“हाय. मीच लावून घेतलीया.”

चहा माझ्या पायावर सांडला. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली. “गाडी चालू हुती तवाची गोष्ट. आबा जोतिबाच्या यात्रेला गेल्ते. ढेपा बाहेर मांडलेल्या आन् वळवाचं आभाळ आलं. माणसं म्हणत्यात, मालक न्हाईत, आता काय करायचं? मीच भरल्या आन् मार्केटला न्हेल्या.”

“तू गाडी चालवतीस?”

“ल्हानपणापासनं आबांच्या शेजारी बसून गेर कोण टाकतंय मग? जाताना काय झालं न्हाई. येताना फाटकाच्या दगडाला दार घासलं. तशीच माघारी फिरवली, उद्यमनगरात. बाबालालचाचांनी आबा यायच्या आत करून दिलं.”

“आगं पर चुंबक!”

“त्या दाराला कशाला चुंबक लावतील? कंपनीचं हाय नव्हं?” मग तिचा आवाज बदलला. “आनंदा, कुणाला सांगायचं न्हाई. त्या दारावर आबांचा जीव हाय. लेकीनंच फसवलं म्हटल्यावर त्यास्नी सोसायचं न्हाई. गळ्याची शपथ घे.”

मी गळ्याला हात लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं.

दसऱ्याला तपासणी ठरली. गाडीला रंग झाला होता, हिरवा, पानासारखा. आई नवं लुगडं नेसून आली होती. पंच म्हणून उस्ताद. ताटात नारळ, सुपारी, हळद-कुंकू. मामांनी गळ्यातला चुंबक काढला, आधी पत्र्यावरून तळहात फिरवला, मग चुंबक टेकवला. टक्! चिकटला. पुढं हात, पुढं चुंबक. टक्! उजवा उंबरा, उजवा कोपरा, पाठची भिंत, डावा कोपरा. माणसं प्रत्येक टक् ला “हाऽऽ!” करत होती. एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. चुंबक जसजसा चिकटत गेला तसतसा मामांचा चेहरा पडत गेला. स्वतःची गाडी नवी झालेली बघून माणूस असं तोंड करतो?

“झालं!” उस्ताद ओरडले. “रंगराव, फोडा सुपारी!”

आईनं ताट उचललं. मामा घाम पुसत उभे राहिले, आणि बुडत्यानं काडी धरावी तसे म्हणाले, “थांबा. डावं दार ऱ्हायलं.”

“आवं, ते कंपनीचं हाय!” मी, उस्ताद आणि मालन, तिघं एकदम बोललो.

“आसू दे. न्याय म्हंजे न्याय.”

उस्तादांना खोकल्याची उबळ आली. मामांनी चुंबक दाराला टेकवून सोडला. तो सरळ खाली येऊन त्यांच्या अंगठ्यावर आदळला. “आयाई गं!” करत त्यांनी तो उचलला, पुन्हा लावला, पुन्हा पडला. वर लावला, खाली लावला. चुंबक काही दाराला धरेना.

“आनंदा,” मामा म्हणाले, “माझ्या कंपनीच्या दाराला काय केलंस तू?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मालन चौकटीत उभी, पदर तोंडात. एक शब्द बोललो असतो तर मी सुटलो असतो आणि ती सापडली असती. पोरगी मिळावी म्हणून पोरीलाच उघडं पाडायचं? 

“मीच लावली लांबी,” मी म्हणालो.

“आनंदा!” आईच्या हातातलं ताट कलंडलं. कुंकू सांडलं.

मामांनी सुपारी उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. “संपला इषय.” आणि खरं सांगतो, ते रागावलेले वाटतच नव्हते. ओझं उतरल्यासारखे दिसत होते. मला त्याचा अर्थ लागला नाही.  मी खाली बसून हातोड्या गोळा करायला लागलो.

“ठेव त्या खाली.” मालन पुढं आली होती. “आबा, ती लांबी माझी हाय. मी गाडी न्हेली, मी ठोकली, मीच बुजवून घेतली. आनंदा खोटं बोलतोय. आन् का बोलतोय ते बी तुमास्नी कळतंय.”

सगळी सांगोपांग हकीगत तिनं बापाच्या तोंडावर सांगितली. गाव आ वासून ऐकत होतं. 

“माझी पोरगी गाडी चालवतीया, आन् मला पत्ता न्हाई?”

“लई झकास चालवती रंगराव,” उस्ताद मध्येच म्हणाले. “माझ्या गॅरेजात अशी रिव्हर्स घेतली, की...”

“तू गप. तुला नंतर बगतो.” मामांनी दार उघडलं. “चालव. आत्ताच्या आत्ता. मला शेजारी बसवून.”

मालननं पदर खोचला आणि स्टिअरिंगवर बसली. मामा तिच्या शेजारी. मी, आई आणि उस्ताद पाठीमागं हौद्यात. केबिनच्या पाठच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. गाडी फाटकातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली, गल्लीतून वळली, ओढ्याची चढण चढली आणि पांदीतून कागलच्या रस्त्याला लागणार तेवढ्यात थांबली.

“का थांबलीस?” मामा.

“म्हस हाय आबा.”

“कुठाय?”

“ही काय. समोर.”

म्हैस रस्ता अडवून आडवी उभी होती. दोन हातांवर. असल्या पोटाची म्हैस पंचक्रोशीत नसेल. ती रवंथ करत मामांकडं बघत होती, आणि मामा मान पुढं काढून, डोळे बारीक करून तिच्या आरपार बघत होते.

“आस्सं,” ते म्हणाले. “मला वाटलं, झाडाची सावली हाय.”

तिथं झाडच नव्हतं. मालननं इंजिन बंद केलं.

“आबा, कवापासनं?”

 मामा पुढं बघतच बोलले. “झाली दोन-तीन वर्सं. मोतीबिंदू हाय म्हनं. एकदा फाट्यावर एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली हुती. मला दिसलीच न्हाई. ती वरडली म्हणून वाचली. त्या दिवशी गाडी आणून लिंबाखाली लावली, ती लावलीच. कुणाला सांगू? रंगराव पोवार आंधळा झाला म्हणून गावात दवंडी देऊ? गाडी गंजलीया, म्हणून चालवत न्हाई, असं सांगता येत हुतं. बरं चाललं हुतं माझं.” त्यांनी डोळे पुसले. “आन् ह्या तुज्या पोरानं, हौसाक्का, नवी केबिन करून ठेवली!”

आईनं खिडकीतून हात घालून त्यांच्या टोपीवर एक टप्पल मारली. “आरं खुळ्या! नाचता येईना तर अंगण वाकडं केलंस व्हय रं? माझ्या पोराचं लगीन अडवून धरलंस! दवाखान्यात का गेला न्हाईस?”

“डोळ्यात सुरी घालत्यात गं आक्का.”

“मग काय कुदळ घालतील?”

मालन हुंदका देता देता हसली. उस्तादांनी उतरून म्हशीला बाजूला केलं. गाडी पुन्हा चालू झाली आणि मोठ्या रस्त्याला लागली. मामा पाठ टेकून, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “मार्केटपतोर न्हेशील?”

“आता न्हेऊ?”

“आता नगं. हंगामाला.”

घरी आलो. आई उतरली ती थेट मामांसमोर हात पसरून उभी राहिली. “काढ सुपारी.”

मामांनी खिशातून सुपारी काढली. तळहातावर फिरवली. परत खिशात टाकली.

“न्हाई.”

“आता काय झालं तुज्या बोडख्याला?”

“सकाळपतोर दिली आसती. आता गाडी हाय, केबिन हाय, डायवर हाय. पुढच्या महिन्यात घाणा सुरू हुतोय. असला डायवर उचलून तुज्या घरी धाडू व्हय?” मामा मान हलवत राहिले. “पोरगी देत न्हाई, हौसाक्का. पायजे तर तू पोरगा दे.”

गर्दीत खसखस पिकली. घरजावई! आमच्याकडं माणूस तुरुंगात गेला तर लोक एकदा हसतात, घरजावई झाला तर जन्मभर हसतात. मी मालनकडं बघितलं. ती स्टिअरिंगवरून अजून उतरली नव्हती, आणि तिथून माझ्याकडं बघत होती. हसू दे, म्हटलं. हसून हसून दमतील.

“मी येतो,” मी म्हणालो.

पण आई पांढरी पडली होती. मघाचा सगळा जोर गेला तिचा. “आन् मी?” ती म्हणाली. “ह्यो एकच हाय रं मला. तिकडं खोलीत मी एकटी भिताडांकडं बगत बसू?”

“एकटी का?” मामांना प्रश्नच कळला नाही. “तू बी ये की. माहेर न्हवं का तुजं हे?”

आईचे आईबाप मी लहान असतानाच गेले होते. घर पडलं, जागा कुणी घेतली. त्यानंतर ती तळेवाडीला यायची ती पाहुणी म्हणून, आणि संध्याकाळच्या एस्टीनं परत. एक रात्र राहा, असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि तिनंही कधी मागितलं नव्हतं. ती तिथंच, सांडलेल्या कुंकवाशेजारी खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. मामा घाबरले. “मी काय वाकडं बोललो का गं?” असं सगळ्यांना विचारत त्यांनी खिशातून सुपारी काढली आणि तिच्या पदरात टाकली.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. आमची वरात उलटी निघाली. मुंडावळ्या बांधलेली मालन गाडी चालवत कोल्हापूरला आमच्या दारात आली आणि माझी आई, आमचा स्टोव्ह, दोन ट्रंका, पाण्याचा हंडा आणि नवरदेव एवढं सामान भरून घेऊन गेली. सामान पाठीमागं, त्यात मी. आई पुढं, सुनेशेजारी. अख्खी चाळ बघायला लोटली होती, आणि शेजारच्या काकूंनी पदर नाकाला लावून विचारलं, “हौसाबाई, लोक सून घरी आणतात. तुम्ही हो कुठं निघालात?”

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “मी?” ती म्हणाली. “मी माहेरला चाललीया. भाचीनं गाडी आणलीया न्ह्यायला.”